बोट सुटायच्या आधी काठावरच ठरवा



या पानावर मी ऊस, केळी, खत-पाणी यावरच लिहितो. आज बोटीवर लिहितोय. कारण थंडी पडली की आमच्या काठावर पाहुण्यांच्या गाड्या लागायला सुरुवात होते. आणि हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण या हंगामात पोराबाळांना घेऊन, नाहीतर शेतकऱ्यांची सहल घेऊन कुठल्या तरी धरणावर बोटीत बसणार आहेत. कृषी विभागाचे, कंपन्यांचे साहेब लोकही हे पान वाचतात. अभ्यास सहलीत दिवसभर प्लॉट दाखवायचे आणि संध्याकाळी "चला, एक बोटीचा फेरा मारू" म्हणायचं, ही पद्धत मी लई वेळा बघितली आहे. म्हणून त्यांनीही वाचावं.

माझं रान उजनीच्या फुगवट्याला लागून आहे. १९८० साली धरण पुरं झालं तेव्हा मी शाळेत होतो. आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं, आणि त्याच पाण्यावर आता आमची केळी उभी आहे. पाणी आमचं वैरी पण आहे आणि सोयरं पण. चाळीस-पंचेचाळीस वर्षं रोज डोळ्यासमोर तेच आहे, त्यामुळं त्याचा स्वभाव थोडाफार कळतो.

माझा पुतण्या मासेमारी करतो. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यानं कर्ज काढून फायबरची बोट आणि इंजिन घेतलं. थंडीत भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या भागात रोहित पक्षी येतात. शहरातले लोक फ्लेमिंगो म्हणतात. पट्टकदंब येतात, चक्रवाक येतात. ते बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात. मासा मिळो न मिळो, डिसेंबर ते एप्रिल या बोटीवर घर चालतं. म्हणजे बोटिंग बंद करा असं म्हणणारा मी नाही. ते बंद झालं तर आमच्याच घरात चूल अडेल. मला एवढंच सांगायचंय की पाण्यावरची सुरक्षितता पाण्यावर ठरत नाही, ती काठावर ठरते. बोट सुटली की निम्म्या गोष्टी आपल्या हातातून गेलेल्या असतात.

आधी वाऱ्याचं

ज्यांनी फुगवटा फक्त जानेवारीच्या सकाळी बघितलाय त्यांना तो ताटातल्या पाण्यासारखा वाटतो. त्यांनी तो मे महिन्यात दुपारी तीननंतर बघावा. समोरचा काठ काही ठिकाणी तीन-चार किलोमीटर लांब आहे. मधी ना झाड, ना टेकाड. मोकळ्या पाण्यावर वारा जेवढा लांबून येईल तेवढी लाट मोठी. शेतात वळीव आला तर केळी आडवी होते. तोच वारा पाण्यावर बोट आडवी करतो.

२१ मे २०२४ ला तेच झालं. कुगाव (ता. करमाळा) इथून कळाशी (ता. इंदापूर) कडं संध्याकाळी बोट निघाली. सात जण होते. हे पाहुणे नव्हते, हौस म्हणून निघालेले नव्हते. रस्त्यानं लांबचा वळसा पडतो म्हणून आमच्याकडची माणसं असंच पाण्यातून ये-जा करतात. मधेच वादळ आलं, बोट उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा गेले. त्यात दोन लहान लेकरं होती. एनडीआरएफचं पथक आलं, काठावर दोन दिवस माणसं बसून होती. त्या दोन दिवसांचं मी जास्त लिहीत नाही. ज्यांनी बघितलं त्यांच्या ध्यानात आहे.

त्याआधी २०१७ च्या एप्रिलच्या शेवटी माळशिरस तालुक्यातले डॉक्टर लोक सहलीला आले होते. बोट उलटून चार डॉक्टर याच फुगवट्यात गेले. जीव वाचवायचं शिक्षण घेतलेली माणसं. पाणी कुणाचं शिक्षण बघत नाही.

दोन्ही वेळा महिना बघा. एप्रिलचा शेवट आणि मे. वळवाचे दिवस. आमच्या काठाचा नियम आता असा आहे, की मार्चच्या मध्यापासून पुढं दुपारी बारानंतर हौसेचा फेरा नाही. पक्षी बघायचे तर तसंही सकाळी साडेसहा ते साडेनऊच चांगले दिसतात, ऊन चढलं की पाण्यावरून वाफ हलते आणि फोटोही नीट येत नाहीत.

वादळाच्या खुणा शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, पण पाहुण्यांसाठी लिहितो. चालता वारा एकदम पडतो आणि उकडायला लागतं. समोरच्या काठावर धुळीचा पडदा उठतो. मग एक गार झुळूक येते. बसलेले पक्षी एकदम उठतात. धुळीचा पडदा दिसल्यापासून वारा अंगावर यायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी पाच. तेवढ्यात घरचा काठ गाठायचा नसतो, जो जवळ असेल तो काठ गाठायचा असतो. गाडी पलीकडं लावली आहे म्हणून वादळात पलीकडंच जायचा हट्ट करू नये. गाडी कुठं जात नाही.

विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप आहे. रानात काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये ते असावंच, तसं बोटवाल्याच्याही असावं. जवळपास वीज पडायचा इशारा दिसला तर बोट काठालाच बांधायची. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे बोटीतला माणूस.

थंडीत वाऱ्याचा त्रास कमी, पण धुकं असतं. धुक्यात समोरची बोट दिसत नाही, मासेमारीची जाळी दिसत नाहीत. सूर्य वर येऊन धुकं फाटेपर्यंत चहा प्यायचा.

बोटीत माणसं कशी बसवायची

हे समजायला शेतकऱ्याइतका हुशार कोणी नाही. बैलगाडीत मागं जादा भरलं की गाडी उलाळ होते, पुढं भरलं की बैलांच्या मानेवर येतं. उसाची ट्रॉली जितकी उंच भरू तितकी ती वळणावर कलती. बोटीचं गणित वेगळं नाही. वजन खाली आणि मधी असलं की बोट स्थिर. माणूस उभा राहिला की वजन वर गेलं. चार माणसं एका बाजूला सरकली की ट्रॉलीचं एका बाजूचं चाक खड्ड्यात गेल्यासारखं झालं.

आणि माणसं एका बाजूला कधी सरकतात? पक्षी दिसल्यावर. बोटवाला म्हणतो, "ते बघा डाव्या बाजूला," आणि सगळे मोबाईल घेऊन डावीकडं. म्हणून पुतण्याला मी सांगितलंय, की पक्षी दाखवायच्या आधी दोन वाक्यं बोलायची. "कुणी उठू नका. बोट मी फिरवतो, सगळ्यांना दिसेल." एवढ्यानं काम होतं. बोट पक्ष्यांच्या फार जवळ न्यायची नाही. पक्षी उडवून फोटो काढायच्या नादात इंजिन जोरात टाकलं, एकदम वळवलं, की उभा राहिलेला माणूस गेलाच पाण्यात.

दुसरी खूण म्हणजे बोटीची कड. सगळे बसल्यावर पाण्याच्या वर निदान वीतभर तरी कड शिल्लक पाहिजे, हातभर असली तर बरं. कड पाण्याला टेकायला आली असेल तर पैसे दिलेले असले तरी उतरा. एक लाट आत आली की बोट जड होते, जड झाली की दुसरी लाट आणखी सोपी आत येते. मग बोलायलाही वेळ मिळत नाही.

वडोदऱ्याच्या हरणी तलावातली गोष्ट तुम्ही वाचली असेल. १८ जानेवारी २०२४. शाळेची सहल. बोटीत बसतात त्याच्यापेक्षा जास्त पोरं बसवली होती, लाईफ जॅकेट सगळ्यांना नव्हती. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. तिथं वादळ नव्हतं, मोठं धरण नव्हतं. शहरातला तलाव होता. म्हणजे पाणी किती मोठं आहे यावर काही नाही. किती माणसं बसवली आणि अंगात काय घातलं यावर आहे.

जॅकेट अंगात, बुडाखाली नाही

आमच्याकडं पाहुणे जॅकेटवर बसतात. बाकडं ओलं असतं म्हणून. काही जण म्हणतात वास येतो, काही म्हणतात फोटो चांगला येत नाही. आणि पोहणारा माणूस म्हणतो, "आम्हाला पोहता येतं."

पोहता येणं आणि अंगात कपडे-बूट घालून, डोक्याला बोटीचा मार लागून, लाटांमध्ये पोहणं यात लई फरक आहे. विहिरीत पोहणारा गडी काठापासून दहा हातावर असतो. इथं काठ एक किलोमीटरवर असतो. आमचे पट्टीचे पोहणारे मच्छीमारही आता जॅकेट घालतात. उलटल्यावर पाण्यात जॅकेट घालता येत नाही. करून बघा, काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात. बंद कुठला, बक्कल कुठलं, काही कळत नाही.

जॅकेट बरोबर बसलंय का हे बघायची सोपी पद्धत म्हणजे सगळी बक्कलं लावायची आणि दुसऱ्यानं दोन्ही खांद्याला धरून वर उचलायचं. जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर ते ढिलं आहे. पाण्यात माणूस खालून निसटून जाईल आणि जॅकेट वर तरंगत राहील. लहान लेकराला मोठ्याचं जॅकेट म्हणजे नसल्यासारखंच. लेकराच्या जॅकेटला पायांच्या मधून जाणारा पट्टा पाहिजे आणि वजनाप्रमाणं माप पाहिजे. लहान मापाचं नसेल तर लेकरू काठावर. लेकरू रडेल. रडू द्या.

बायामाणसांनी पदर जॅकेटच्या आत घ्यावा, बाहेर सोडू नये. ओली साडी पायात गुंडाळते. गमबूट घालून बसू नये, पाणी भरलं की पाय वर येत नाही. आणि दारू घेऊन बोटीत कुणी नाही. बोटवाला तर नाहीच नाही. यावर वाद घालत बसू नका, सरळ दुसऱ्या दिवशी या म्हणायचं.

आपल्या मोटारी आणि खालचं जुनं गाव

हा भाग खास शेतकऱ्यांसाठी. उन्हाळ्यात पाणी खाली जायला लागलं की आपण मोटारी खाली सरकवतो. पाइप वाढवतो, केबल वाढवतो, ड्रमच्या तराफ्यावर मोटार ठेवतो. एका काठाला पन्नास-पन्नास मोटारी असतात. केबल कुठं पाण्यावर तरंगते, कुठं बांबूवर टांगलेली असते, कुठं जोडाला नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असते. बोटीचा पंखा त्यात अडकला तर बोट जागेवर फिरते, आणि केबल फाटली तर पाण्यात करंट.

बोटवाल्यांनी आमच्याकडं तक्रार केली तेव्हा काही शेतकरी भडकले. "धरणाला जमिनी आमच्या गेल्या, आता पाण्यातून पण आम्हीच बाजूला व्हायचं का?" राग खोटा नव्हता. पण शेवटी बसून ठरलं. बोटी सुटतात तिथं पन्नास-साठ फुटांची वाट मोकळी ठेवायची, तिथं मोटार टाकायची नाही. बाकीच्यांनी तराफ्याला आणि केबलच्या ड्रमला लाल फडकं बांधायचं. बोट मोटारीच्या रांगेजवळून जाणार नाही. कुठं केबल अडकली तर बोटवाल्यानं हातानं उचलायची नाही, इंजिन बंद करून फोन करायचा, स्टार्टर बंद झाल्याशिवाय हात लावायचा नाही. तुमच्या काठावर असं काही ठरलं नसेल तर या उन्हाळ्याच्या आत ठरवून घ्या. खर्च एका लाल फडक्याचा आहे.

पाणी उतरलं की खालचं जुनंही वर येतं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं ते बघायला लोक येतात. पण सगळं पूर्ण उघडं पडत नाही. वाड्यांच्या भिंती, विहिरींची तोंडं, बाभळीची खोडं पाण्याच्या वीतभर खाली असतात आणि वरून दिसत नाहीत. मागच्या आठवड्यातली वाट या आठवड्यात चालत नाही. म्हणून स्वतःची बोट घेऊन, नाहीतर हवेची रबरी बोट फुगवून अनोळखी पाण्यात कुणी शिरू नये. स्थानिक माणूस बरोबर घ्या.

आणि गाळ. बेटावर उतरून फोटो काढायची लई हौस असते. वरून भेगा पडलेला दिसतो, खाली लोण्यासारखा असतो. गाळपेर करणाऱ्याला विचारा, ट्रॅक्टर कसा रुततो. पाय रुतला तर ओढाताण करायची नाही, जितकं ओढाल तितकं खाली जाल. मागं टेकून, अंग पसरून, एक-एक पाय हळू सोडवायचा. दुसऱ्यानं धावत जाऊन हात द्यायचा नाही, फळी नाहीतर वल्हं पुढं करायचं.

अकरा माणसं आणि आठ जागा

आता खरी अडचण सांगतो. वर लिहिलेलं सगळं बोटवाल्यांना माहीत आहे. माहिती कमी म्हणून नियम मोडत नाही, पैशापुढं मोडतो.

मागच्या फेब्रुवारीत एका रविवारी दोन गाड्या आल्या. अकरा जण. दोन म्हाताऱ्या, तीन लेकरं. पुतण्याच्या बोटीत आठ पाहुणे बसतात. तो म्हणाला, "दोन फेरे करू."

त्यातले एक जण म्हणाले, "दादा, आम्हाला बारापर्यंत पुण्याला पोचायचंय. सगळे एकाच फेऱ्यात घ्या, दुप्पट देतो."

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. मी केळीच्या बागेच्या बांधावर उभा होतो. मी काही बोललो नाही, कारण बोट त्याची आणि हप्ताही त्याचा.

तो म्हणाला, "साहेब, पैशाचा प्रश्न नाही. जागा आठच आहेत."

मग त्यांच्यातल्या म्हातारीनं मला विचारलं, "काका, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

मी म्हणालो, "आजी, बोट त्याची आहे, पण पाणी कुणाच्याच ऐकण्यातलं नाही."

ती माणसं गेली. संध्याकाळी कळलं, की दुसऱ्या गावच्या काठावर त्यांना अकराच्या अकरा एकाच बोटीत मिळालं, आणि ती सुखरूप परत पण आली. हेच सगळ्यात वाईट असतं बघा. नियम मोडणारा दहातल्या नऊ वेळा सुखरूप येतो, आणि नियम पाळणारा येडा ठरतो.

त्या रात्री सूनबाई, म्हणजे पुतण्याची बायको, मला म्हणाली, "तात्या, तत्त्वानं हप्ता फिटतो का?"

तिचं चुकलं असं मला वाटत नाही. शाळेची फी तिला भरायची असते. पण तिच्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला, आणि ध्यानात आलं की हा प्रश्न एकट्या बोटवाल्यानं सोडवायचा नाहीच. एकटा सोडवायला गेला तर तो उपाशी राहतो. दुधाचा भाव एकट्या शेतकऱ्यानं ठरवता येतो का? तसंच आहे हे.

आमच्या काठावर सहा बोटी. सगळ्यांना बसवलं. दर माणशी असला की बोटवाला एक जादा बसवतो. दर बोटीला असला की पाहुणे एक जादा कोंबतात. म्हणजे नुसता दर बदलून भागत नाही. पैसा आणि माणसांची संख्या वेगवेगळी ठरवायला लागते. ठरलं ते असं. सगळ्यांचा दर एक, बोटीला. प्रत्येक बोटीवर बाहेरून मोठ्या अक्षरात आकडा रंगवायचा, "८ पाहुणे + १ चालक". बोटी नंबरानं सुटणार. एकानं नाही म्हटलेलं गिऱ्हाईक बाकीच्या पाचांनी घ्यायचं नाही. माणसं जास्त असतील तर दुसऱ्या नंबरची बोट लावायची, म्हणजे पैसा काठावरच राहतो आणि दोघांत वाटला जातो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच महिन्यात एकानं नऊ बसवले, भांडण झालं, त्याचा नंबर दोन दिवस बंद ठेवला. पण रंगवलेल्या आकड्याचा एक फायदा झाला. आता पुतण्याला वाद घालायला लागत नाही, तो बोटीकडं बोट दाखवतो. आणि पाहुण्यांतलाच एखादा म्हणतो, "अरे, आठ लिहिलंय." सूनबाई अजून हिशेब मांडते. हप्ता कधी वेळेवर जातो, कधी चार दिवस पुढं जातो. पण माझा नातू दिवाळीला आला तेव्हा तिनंच त्याला जॅकेट घातलं, बक्कल लावलं आणि खांद्याला धरून उचलून बघितलं.

तरीही झालंच तर

बोट उलटली तर बोटीला धरून राहायचं. फायबरची नाहीतर लाकडाची बोट उलटली तरी बहुतेक वेळा तरंगत राहते. काठ जवळ दिसतो पण असतो लांब. पोहायला निघालेला दमून जातो, आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा उलटी बोट लवकर दिसते.

बुडणारा माणूस ओरडत नाही हे ध्यानात ठेवा. सिनेमात हात हलवून "वाचवा" म्हणतो तसं नसतं. तोंड पाण्याच्या पातळीवर, मान मागं, नजर लागलेली, हात बाजूला पाणी दाबताहेत, आणि आवाज नाही. लेकरू पाण्यात असताना एकदम गप्प झालं तर आधी त्याच्याकडं बघा.

वाचवायला उडी मारू नका. बुडणारा माणूस मिठी मारतो आणि दोघं जातात. आमच्याकडं एकाच घरातले दोन-दोन असेच गेलेले आहेत. काठी, वल्हं, कासरा पुढं करा. प्रत्येक बोटीत आणि प्रत्येक काठावर वीस-पंचवीस हात दोर आणि त्याला बांधलेला पाच लिटरचा झाकणबंद कॅन पाहिजे. कॅनच्या तळाला थोडं पाणी ठेवा, म्हणजे फेकताना वाऱ्यानं परत येत नाही, आणि तो तरंगतोही.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगायचं नाही, पोटावर दाबून पाणी काढत बसायचं नाही. त्यात वेळ जातो. श्वास चालू नसेल तर आडवं झोपवून, नाक धरून, तोंडानं आधी श्वास द्यायचा, मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायचं. तीस वेळा दाबायचं, दोन श्वास, परत तीस. मिनिटाला शंभर ते एकशे वीसच्या गतीनं, पाच सेंटिमीटर खोल. दुसऱ्यानं तेवढ्यात १०८ ला फोन करायचा. माणूस शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यायचाच. फुप्फुसात पाणी गेलेलं नंतर त्रास देतं. हे वाचून येत नाही, हातानं करून शिकायला लागतं. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा आणि गावातल्या पोरांना एकदा शिकवून घ्या.

धरण नसलेल्यांसाठी

"आमच्याकडं धरण नाही" म्हणून हे सोडून देऊ नका. शेततळी आता गावोगावी झाली. पोरं ट्रॅक्टरची ट्यूब टाकून त्यात बोट-बोट खेळतात, व्हिडिओ काढतात. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला, त्यावर शेवाळ आलं की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. हात धरायला काही नसतं. उतार तसा, वर कागद गुळगुळीत. चारी बाजूंनी काठावर खुंट्या मारून गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा, दोन कोपऱ्यांत जुन्या टायरची शिडी टाका, कुंपण करा आणि फाटकाला कुलूप लावा. ट्यूब हवा काढून घरी ठेवा.

बोटीत बसायच्या आधी काठावर उभं राहून चार प्रश्न विचारा. बोटीत किती जण बसतात आणि आता किती आहेत? सगळ्यांच्या मापाची जॅकेट आहेत का, लेकरांसकट? आज वाऱ्याचा काय अंदाज आहे? बोटीत दोर, वल्हं आणि पाणी उपसायला भांडं आहे का? बोटवाला नीट उत्तर देत असेल तर खुशाल बसा, रोहित बघा, आमच्या काठावर चहा प्या. तो चिडला, नाहीतर "काही होत नाही ओ" म्हणाला, तर गाडीत बसा.

सहल काढणाऱ्या साहेबांनी एक जादा करावं. माणसांची यादी काठावर थांबणाऱ्या एकाकडं ठेवावी, किती गेले आणि किती आले ते त्यानं मोजावं. आपण ऊसतोडीला मोळ्या मोजतो, केळीचे घड मोजतो. माणसं पण मोजावीत.

तुमच्या भागात तलाव, धरण, खाडी असेल आणि बोटवाल्यांनी काही चांगला नियम केला असेल तर खाली लिहा. पुढच्या महिन्यात आमच्या सहा बोटींची हंगामाची बैठक आहे, त्यात मांडतो. केळीच्या बागेत थंडीत पान करपायला लागलंय, त्यावर पुढच्या आठवड्यात लिहितो.